गिरणी राखा, मग तिच्यात घरं करा : नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय,

सप्रेम नमस्कार.

खान्देशातल्या बंद गिरण्या आणि जुनी जिनिंग-प्रेसिंगची, म्हणजे कापसातली सरकी काढून गाठी बांधण्याची, आवारं बांधली गेली तेव्हा गावाबाहेर, रेल्वेच्या रुळांशेजारी होती. आज ती शहराच्या ऐन मध्यावर आली आहेत आणि त्या जमिनीला सोन्याचा भाव आहे. अशा जागी आलिशान लॉफ्ट करायचे, असं आमच्या व्यवसायात आता बोललं जातं. म्हणजे कारखान्याचं उंच छत, उघड्या विटांच्या भिंती, लोखंडी खांब तसेच ठेवायचे आणि आत मोठी, मोकळी घरं करायची. मी वास्तुविशारद आहे. माझे वडील एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. या दोन्ही नात्यांनी हे पत्र लिहिते आहे.

अशा घरांना माझा विरोध नाही. पैसेवाल्यांना तिथे राहावंसं वाटलं आणि त्यामुळे शंभर वर्षांची इमारत वाचली, तर चांगलंच आहे. पण आजचे नियम इमारत वाचवणाऱ्याला अडवतात आणि पाडणाऱ्याला वाट करून देतात. ते बदलावेत, एवढं सांगायला हा कागद.

शेड पाडून मोकळा प्लॉट दाखवला की पुढचं सगळं ठरलेलं असतं. एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०२० साली आली. चटई निर्देशांक (प्लॉटवर किती बांधता येईल ते प्रमाण), प्रीमियम (जादा बांधकामासाठी भरायचं शुल्क), टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क), सगळ्याचे तक्ते त्यात तयार आहेत. तीच शेड राखून आत घरं करायची म्हटलं, की फाइल टेबलावर पडून राहते. जुनी भिंत हद्दीला टेकलेली असते, त्यामुळे सामासिक अंतर, म्हणजे हद्दीपासून सोडायची मोकळी जागा, बसत नाही. पंधरा-वीस फूट उंचीच्या दालनात पोटमाळा टाकायचा, तर त्याचं क्षेत्रफळ कसं धरायचं यावर पत्रव्यवहार सुरू होतो. जिना कुठे, गाड्या कुठे, हे प्रश्न वेगळेच. मालक कंटाळतो आणि जेसीबी बोलावतो. सागवानी तुळया जुन्या लाकडाच्या बाजारात जातात, बिडाचे खांब भंगारात. मग त्याच जागी काँक्रीटची इमारत उभी राहते, दर्शनी भिंतीला विटांसारख्या दिसणाऱ्या पातळ टाइल्स चिकटवतात, आणि तीच लॉफ्ट म्हणून विकली जाते.

जळगावात स्टेशनजवळची खान्देश मिल अशीच गेली. तिथे आज खान्देश सेंट्रल हे व्यापारी संकुल आहे. ज्या प्रताप शेठजींनी अमळनेरला प्रताप मिल काढली, त्यांनीच १९१६ साली तिथे तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं. त्यांच्याच नावाच्या शाळेत साने गुरुजी १९२४ ते १९३० शिकवत होते. २०२४ चं साहित्य संमेलन अमळनेरला भरलं, त्यामागे या गावाची हीच पुण्याई आहे. कापसाच्या पैशावर उभं राहिलेलं हे सगळं. आणि त्या कापसाच्या इमारतींचीच कुठे यादी नाही. चाळीसगाव-धुळ्याच्या गिरण्या निदान लोकांच्या तोंडी आहेत. पाचोरा, धरणगाव, चोपडा, दोंडाईचा इथली जिनिंगची जुनी बांधकामं तर कोणी मोजतही नाही. सरकी निघायची, गाठी बांधल्या जायच्या, त्या उंच दालनांत आज तण माजलं आहे.

इमारत म्हणूनही त्यांच्याकडे बघा. दीड-दोन फूट जाडीच्या, चुन्यात बांधलेल्या भिंती आमच्या मे महिन्यातल्या पंचेचाळीस अंशांतही आतली हवा लवकर तापू देत नाहीत. करवतीच्या दात्यांसारखं छप्पर आणि त्याच्या उभ्या बाजूला उत्तरेकडे काच, ही रचना विणकाराला दिवसभर सारखा, डोळ्यांवर न येणारा उजेड मिळावा म्हणून केलेली आहे. राहत्या घराला याहून चांगला उजेड मिळणार नाही. मात्र हेही सांगते, की न्यूयॉर्कमधल्या लॉफ्टचं चित्र समोर ठेवून आमच्याकडे आराखडा काढला तर फसगत होईल. जळगाव, धुळे, अमळनेर ही गावं कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहेत. मेअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत भर दुपारीसुद्धा सूर्य आमच्या उत्तरेला असतो. काचेला बाहेरून आडोसा आणि छपराला उष्णतारोधक थर नसेल, तर महागडा फ्लॅट वातानुकूलन यंत्राच्या भरवशावर जगेल. जुने सिमेंटचे पत्रे ॲस्बेस्टॉसचे असू शकतात, आणि त्याची धूळ फुफ्फुसांना घातक असते. ते हातोड्याने फोडायचे नसतात, ओले करून, अखंड उतरवायचे असतात. रंगखात्याखालची माती तपासल्याशिवाय तिथे मुलांची बाग करू नये. या अटी नियमावलीत लिहिलेल्याच हव्यात, बिल्डरच्या मर्जीवर सोडू नयेत.

पोलंडमधलं वूच हे आमच्यासारखंच कापडगिरण्यांवर वाढलेलं शहर. तिथल्या एका जुन्या अवाढव्य सूतगिरणीत २०१० च्या सुमारास लॉफ्ट झाले, आणि लाल विटांची ती भिंत आजही रस्त्यावरून दिसते. न्यूयॉर्कच्या सोहो भागात वाट उलटी होती. १९६० च्या दशकात रिकाम्या कारखान्यांत चित्रकार, शिल्पकार बेकायदा राहू लागले. १९७१ मध्ये कलावंतांपुरतं राहणं कायदेशीर झालं, १९८२ मध्ये अशा भाडेकरूंना संरक्षण देणारा कायदा आला. तरीही पुढे भाव इतके चढले की ज्या कलावंतांनी तो भाग जिवंत केला त्यांच्यातल्या बहुतेकांना तिथे राहणं परवडेना. इमारती टिकल्या, माणसं पांगली. आपण दोन्ही टिकवायचा विचार आधीच करू शकतो.

मुंबईत तो झाला होता. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या, आणि मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या कलम ५८ ने गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे ठरवले : एक शहराच्या मोकळ्या जागेला, एक म्हाडाच्या घरांना, एक मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने हा हिशेब फक्त मोकळ्या जमिनीवर आणला आणि पहिले दोन वाटे आक्रसले. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. ते कलम बृहन्मुंबईपुरतं होतं. खान्देशातल्या गिरणी कामगाराच्या वाट्याला तेवढाही कागद आला नाही. गिरणी बंद पडली तेव्हा माझ्या वडिलांची ग्रॅच्युइटी अडकली. त्यांच्या हयातीत ती पूर्ण मिळाली नाही. त्यांच्यासारख्या माणसांची देणी चुकती झाल्याचा दाखला असल्याशिवाय त्या जागेवर एकाही आलिशान घराला भोगवटा प्रमाणपत्र देऊ नका. आणि अशा प्रत्येक प्रकल्पात काही घरं लहान, परवडणारी, त्याच छपराखाली ठेवा. मागच्या बाजूला वेगळी इमारत काढून नव्हे.

सवलत मागते आहे ती सामासिक अंतराची, पोटमाळ्याच्या क्षेत्रफळाची, गाडीतळाची. आणि राखलेल्या बांधकामापोटी टीडीआरची, म्हणजे इमारत उभी ठेवणाऱ्याचं नुकसान होणार नाही. अग्निसुरक्षेत मात्र तसूभरही सवलत नको. डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईत कमला मिलच्या आवारात गच्चीवर लागलेल्या आगीत १४ जणांचा जीव गेला, हे विसरून कोणत्याही जुन्या आवाराला परवानगी देता येणार नाही. दुसरा जिना, पाण्याची टाकी, बंबाला आत शिरायला रस्ता आणि स्वतंत्र अभियंत्याचं संरचना परीक्षण, हे झाल्याशिवाय एक चावीही कोणाच्या हाती पडू नये.

यासाठी आधी यादी हवी. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतल्या अभियांत्रिकी आणि वास्तुकला महाविद्यालयांचे विद्यार्थी एका सुट्टीत मोजमापं आणि छायाचित्रं घेऊ शकतील; त्यांना आवारात शिरायची लेखी परवानगी तेवढी लागेल. नियमावलीत दुरुस्ती व्हायला हरकती-सूचना धरून वेळ जाईल, हे मला कळतं. पण तोवर काय उरेल? महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १५४ खाली शासन नियोजन प्राधिकरणांना निर्देश देऊ शकतं. यादी पूर्ण होईपर्यंत खान्देशातल्या एकाही जुन्या गिरणीच्या किंवा जिनिंगच्या इमारतीला पाडकामाची परवानगी देऊ नये, असा निर्देश आपण याच महिन्यात काढावा, ही विनंती.

आपली,
खान्देशातली एक वास्तुविशारद