मिडब्रेन चालू करायला तो बंद होता कधी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे महिन्याची सुट्टी जवळ आली की आपल्या पेपरच्या छोट्या जाहिरातींत आणि पेपरात घालून येणाऱ्या रंगीत पॅम्प्लेटमध्ये "मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन" परत दिसायला लागतं. म्हणजे मुलाचा "बंद" मिडब्रेन चालू करून देतो म्हणणारे क्लास. वय ५ ते १५, मुलगा डोळ्यांवर पट्टी बांधून पुस्तक वाचणार, रंग ओळखणार, सायकल चालवणार, आणि मार्क वाढणार ते वेगळंच. मी हायस्कूलला सायन्स शिकवते त्यामुळे पालक मलाच गाठतात की मॅडम घालू का पोराला, फी १५ हजार आहे पण दोन हप्त्यांत चालेल म्हणतात. एकेकाला सांगून तोंड दुखलं म्हणून शेवटी हे पत्र.

मिडब्रेन म्हणजे मध्यमेंदू, हा मेंदूचा खराखुरा भाग आहे, क्लासवाल्यांनी नाव काही खोटं वापरलेलं नाही. मोठ्या मेंदूच्या खाली जो देठासारखा भाग पुढे मणक्यातल्या मज्जारज्जूला जाऊन मिळतो त्याचा सगळ्यात वरचा तुकडा, लांबी जेमतेम २ सेंटिमीटर, पण एवढ्याशा जागेत गर्दी किती म्हणाल तर हातपाय हलवायच्या ऑर्डरी वरून खाली जातात त्या यातून, कानातला आवाज वर जातो तो यातून, डोळ्यांची हालचाल करणाऱ्या दोन नसा इथूनच निघतात, कोपऱ्यात काही हललं की नजर आपोआप तिकडे वळते ते काम याचं, आणि आपल्याला जागं ठेवणाऱ्या यंत्रणेचा एक मोठा भागही इथेच. यातच एक काळपट पट्टा असतो, तिथल्या पेशी डोपामिन नावाचं रसायन बनवतात, त्या मरत गेल्या की पार्किन्सन म्हणजे कंपवात होतो. आता हा भाग जर खरंच "बंद" असता तर मुलगा क्लासला चालत आलाच नसता हो, बेशुद्ध पडून आयसीयूत असता.

अपघाताचा पेशंट आला की डॉक्टर आधी डोळ्यात टॉर्च मारतात ते आपण सगळ्यांनी बघितलंय. उजेड पडला की बाहुली आक्रसते, आणि गंमत म्हणजे एकाच डोळ्यावर उजेड मारला तरी दोन्ही बाहुल्या आक्रसतात, कारण निरोप मध्यमेंदूत जाऊन तिथून दोन्हीकडे परत येतो. डोक्याला मार लागून आत रक्त साठलं, दाब वाढला, की तिथून निघणारी नस चेपते आणि त्या बाजूची बाहुली मोठीच्या मोठी राहते, मग डॉक्टरांची पळापळ सुरू. पूर्ण दिवस भरून जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यावर टॉर्च मारा, बाहुली आक्रसेल. म्हणजे मध्यमेंदू बारशाच्या आधीपासून चालू आहे, आणि हे लोक लाइट असलेल्या घरात नवीन कनेक्शनचे पैसे मागतायत.

आणि वाचणं हे काम मध्यमेंदूचं नाहीच. अक्षरावरून उजेड डोळ्यातल्या पडद्यावर पडायला लागतो, तिथून प्रत्येक डोळ्याच्या साधारण १० लाख तंतूंची नस निघते, वाटेत अर्धे तंतू बाजू बदलतात, मग थॅलॅमस नावाचं स्टेशन, आणि तिथून पार डोक्याच्या मागच्या बाजूला. तो मागचा भाग गेला तर डोळे ठणठणीत असूनही माणूस आंधळा होतो. पुढे अक्षराचा अर्थ लावायचं काम बहुतेकांच्यात डाव्या मेंदूचं. पण मुळात पडद्यावर उजेडच पडला नाही तर पुढची सगळी मंडळी करणार काय?

मग मुलं वाचतात कशी? मागे एका मंगल कार्यालयात असाच डेमो होता, भाच्याला घेऊन मुद्दाम गेले. मुलगी साधारण १० वर्षांची, डोळ्यांवर काळी पट्टी, हातात कार्ड. बारकाईने बघितलं तर ती कार्ड कायम छातीच्या खालीच धरत होती आणि हनुवटी थोडी वर करत होती. नंतर मी पट्टी मागून घेतली आणि स्वतःच्या डोळ्यांना घट्ट बांधून बघितली, तर नाकाच्या दोन्ही बाजूंनी माझ्या साडीच्या निऱ्या आणि खालची फरशी अगदी छान दिसत होती, फरशीवरचा सांडलेला चहासुद्धा. मी म्हटलं सर, कार्ड तिच्या कपाळासमोर धरू का? तर म्हणे नको मॅडम, एनर्जी डिस्टर्ब होते.

यांचं दुसरं पालुपद अल्फा वेव्हचं, म्युझिक लावून मेंदू अल्फात नेतो म्हणतात. हान्स बर्गर नावाच्या जर्मन डॉक्टरने १९२४ मध्ये पहिल्यांदा माणसाच्या मेंदूतल्या विजेच्या लहरी टिपल्या, त्यात या अल्फा लहरी सापडल्या. कोणीही शांत बसून डोळे मिटले की बहुतेकांच्या डोक्याच्या मागच्या बाजूला त्या दिसतात, फुकटात, आणि डोळे उघडून बघायला लागलं की दबतात. म्हणजे पट्टीखालून चोरून वाचणाऱ्या पोराच्या अल्फा तर गेल्याच की! "आपण मेंदू १० टक्केच वापरतो" हेही तसलंच. मेंदूचं वजन शरीराच्या २ टक्के, पण शांत बसलो तरी ऑक्सिजन खातो २० टक्क्यांच्या आसपास, ९० टक्के रिकामटेकड्या भागाला शरीराने फुकट पोसलं असतं का?

पैसे गेले तर गेले, मला राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. ते पोर आपल्या आईबापांसमोर उभं राहून खोटं बोलत असतं, त्याला ते माहीत असतं, आणि हॉलभर टाळ्या पडतात. एकदा आई कौतुकाने रडली की मग खरं सांगायची त्याची टाप नसते. अंनिसचे कार्यकर्ते वर्षानुवर्षं याविरुद्ध बोलतायत, तरी दर सुट्टीत बॅनर लागतातच.

आपल्याला विनंती एवढीच, की असली जाहिरात घेताना आपल्या जाहिरात विभागाने क्लासवाल्याला विचारावं, पुस्तक मुलाच्या पाठीमागे धरलं तर चालेल का, आणि खोलीतला लाइट पूर्ण घालवला तर चालेल का. चालेल म्हणाला आणि मुलाने वाचून दाखवलं तर खुशाल पहिल्या पानावर छापा, १५ हजार मी भरते.

आपली नम्र,
एक विज्ञान शिक्षिका, जि. सातारा