जॉयस्टिक परत करण्यापूर्वी अक्षांचा संघर्ष तपासावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ रोजी प्रवासी उड्डाणे सुरू झाली आणि उलवे, खारघर, नेरूळ, पनवेल या परिसरातील मुलांचे विमानांविषयीचे कुतूहल कमालीचे वाढले. माझ्या परिचयातील अनेक घरांत मुलांनी, आणि काही ठिकाणी त्यांच्या वडिलांनीही, संगणकावर सिम्युलेटर बसवून विमान उडवण्याचा छंद धरला आहे. हा छंद चांगला आहे. त्यातून वारा, वेग, उंची, भूगोल आणि यंत्रशास्त्र यांची जी जाण येते, ती केवळ पुस्तक वाचून येत नाही. या छंदासाठी घेतलेल्या जॉयस्टिक, थ्रॉटल (इंजिनाची शक्ती कमी-जास्त करणारा दांडा) आणि पायांची पेडल यांपैकी बरीच साधने मात्र ‘खराब निघाली’ म्हणून दुकानात परत जातात, नाहीतर माळ्यावर पडून राहतात, आणि त्यांतील बहुतेक निर्दोष असतात, असा माझा अनुभव आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील रासायनिक कारखान्यांत उपकरण अभियंता म्हणून मी नोकरी केली आणि निवृत्तीनंतर शेजारच्या मुलांना ही साधने जोडून देतो. त्या आधारावर हे पत्र लिहीत आहे. आपल्या वाचकांपैकी काही पालकांना तरी त्याचा उपयोग होईल, अशी आशा आहे.

तक्रारी साधारणपणे ठराविक असतात. धावपट्टीवर वेग घेताना विमान एका बाजूला ओढले जाते. हवेत गेल्यावर हात स्थिर असतानाही नाक वर-खाली होते किंवा एक पंख अचानक झुकतो. थ्रॉटल पुढे ढकलल्यावर इंजिनाचा आवाज चढतो आणि क्षणार्धात पुन्हा उतरतो. सर्वांत गोंधळात टाकणारी तक्रार म्हणजे इंजिन पूर्ण शक्तीने चालत असूनही विमान जागचे हलत नाही. ही सगळी लक्षणे बिघडलेल्या यंत्राची वाटतात आणि म्हणूनच संशय प्रथम जॉयस्टिकवर जातो.

जॉयस्टिक संगणकाला केवळ आकडे पाठवते. दांडा डावी-उजवीकडे झुकवणे हा एक अक्ष, पुढे-मागे करणे हा दुसरा, स्वतःभोवती पिळणे हा तिसरा आणि बुडाशी असलेली सरकपट्टी हा चौथा. प्रत्येक अक्षाची स्थिती एका आकड्यात मांडली जाते. साध्या साधनात हा आकडा ० ते २५५ किंवा ० ते १०२३ असतो, तर चांगल्या सेन्सरच्या साधनात तो १६ हजारांच्याही पुढे जातो. कोणता अक्ष विमानाचा कोणता भाग हलवेल, म्हणजे विमान कडेला झुकवणारे पंखांवरचे एलरॉन, नाक वर-खाली करणारे आडव्या शेपटीचे एलेव्हेटर, नाक डावी-उजवीकडे वळवणारा उभ्या शेपटीचा रडर किंवा इंजिनाचा थ्रॉटल, हे सिम्युलेटरच्या नियंत्रण-जोडणीच्या पानावर ठरते. संघर्ष होतो तो या पानावर. दोन वेगवेगळ्या साधनांचे अक्ष एकाच कामाला नेमलेले असले की विमानाला एकाच वेळी दोन मालक होतात.

ही दुहेरी नेमणूक बहुधा वापरकर्त्याने केलेलीच नसते. नवशिक्याची सोय व्हावी म्हणून मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरसारखी सॉफ्टवेअर, ओळखीचे साधन जोडताच, त्याचे तयार प्रोफाइल, म्हणजे अक्षांच्या नेमणुकांचा संच, आपोआप लागू करतात. एकच साधन असेल तर ही सोय उत्तम आहे. मात्र मुलाने आधी पिळाची जॉयस्टिक घेतली, पुढे वाढदिवसाला पेडल आले आणि फुटबॉलच्या खेळाचा गेमपॅड तर यूएसबीला कायमच लटकलेला, अशा घरात तिन्ही साधनांची तयार प्रोफाइल एकत्र कामाला लागतात. पिळाचा अक्ष रडर मागतो, पेडलही रडर मागते आणि गेमपॅडची डावी काडी एलरॉन व एलेव्हेटर आपल्याकडे ओढते.

दोन अक्ष एकाच कामावर असले की नेमके काय घडते, हे समजून घेतल्यास शोध पुष्कळ सोपा होतो. काही ठिकाणी सॉफ्टवेअर शेवटी बदललेला आकडा ग्राह्य धरते. अशा वेळी मुलगा पेडल दाबून रडर धरून ठेवतो आणि तेवढ्यात जॉयस्टिकच्या पिळाच्या अक्षावर आकड्यांत जराशी थरथर होते, की तोच अक्ष ‘मी मध्यभागी आहे’ असा नवा संदेश देऊन रडर सरळ करून टाकतो. स्वस्त साधनांत अक्षाची स्थिती पोटेन्शिओमीटरने मोजली जाते. त्याच्या कार्बनच्या पट्टीवर धूळ बसली किंवा ती झिजली की आकडे हात न लावताही नाचतात, आणि आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत व बांधकामांच्या धुळीत हे लवकर घडते, असे माझे निरीक्षण आहे. अन्य ठिकाणी दोन्ही आकड्यांचा एकत्रित परिणाम होतो आणि विमान सतत एका बाजूला झुकलेले राहते. पहिल्या प्रकारात झटके बसतात, दुसऱ्या प्रकारात कायमचा कल दिसतो. लक्षण नीट पाहिले तर मुलालासुद्धा हा फरक ओळखता येतो.

कारखान्यात एकाच कंट्रोल व्हॉल्व्हला दोन कंट्रोलरनी आज्ञा द्यायची असेल, तर मध्ये सिलेक्टर बसवतात आणि तो दोन संकेतांपैकी लहान किंवा मोठा संकेत पुढे जाऊ देतो. घरच्या सिम्युलेटरमध्ये असा निवाडा करणारे सहसा कुणी नसते. खऱ्या विमानात या प्रश्नाचा विचार किती गांभीर्याने केला आहे, हेही मुलांना सांगण्यासारखे आहे. एअरबस ए-३२० मध्ये दोन्ही वैमानिकांच्या साइडस्टिक (बाजूला बसवलेल्या जॉयस्टिकसारख्या दांड्या) यांत्रिकरीत्या जोडलेल्या नसतात. दोघांनी एकाच वेळी त्या हलवल्या तर दोन्ही संकेतांची बैजिक बेरीज होते, ही बेरीज एका स्टिकच्या पूर्ण हालचालीपलीकडे जाऊ दिली जात नाही, ‘ड्युअल इनपुट’ असा आवाजी इशारा मिळतो आणि ज्याला ताबा घ्यायचा आहे तो आपल्या स्टिकवरचे बटण दाबून दुसऱ्याचा संकेत बंद करू शकतो. याउलट बोइंग ७३७ मधील दोन्ही योक (वैमानिकासमोरची सुकाणूसारखी नियंत्रणे) एकमेकांना जोडलेले असल्याने एक हलला की दुसराही हलतो. आपल्या टेबलावरच्या जॉयस्टिकला यांपैकी एकही सोय नाही, त्यामुळे जोडणीच्या पानावर एका कामाला एकच अक्ष ठेवणे ही जबाबदारी वापरणाऱ्यावर येते.

शोधाची सुरुवात सिम्युलेटर बंद ठेवून करावी, यावर माझा विशेष भर आहे. विंडोजमध्ये ‘जॉय डॉट सीपीएल’ (joy.cpl) ही आज्ञा चालवली की जोडलेल्या सर्व गेम कंट्रोलरची यादी उघडते आणि त्यांतील प्रत्येकाच्या गुणधर्मांत अक्षांची थेट स्थिती दिसते. येथे दांडा सोडल्यावर खूण मध्यभागी स्थिर राहत असेल आणि दांडा कडेपर्यंत नेल्यावर तीही सलगपणे कडेपर्यंत जात असेल, तर साधन ठीक आहे आणि दोष सिम्युलेटरमधील जोडणीत शोधावा. खूण येथेच उड्या मारत असेल तर मात्र दोष साधनाचा किंवा त्याच्या वायरचा आहे आणि सिम्युलेटरच्या सेटिंगमध्ये तासन् तास घालवण्यात अर्थ नाही. एवढी एक तपासणी केली तरी निम्मा वाद मिटतो. याच यादीत घरच्यांच्या लक्षातही नसलेली साधने सापडतात. शर्यतीच्या खेळाचे स्टिअरिंग जोडलेले असते, किंवा कुठल्यातरी सॉफ्टवेअरने मागे ठेवलेली व्हीजॉयसारखी आभासी जॉयस्टिक तेथे असते. स्टीम या संगणक-खेळांच्या ऑनलाइन दुकानावरून सिम्युलेटर चालवणाऱ्यांनी ‘स्टीम इनपुट’ ही सोयही पाहावी, कारण ती कंट्रोलरला आभासी एक्सबॉक्स कंट्रोलरच्या रूपात पुढे करते आणि काही वेळा मूळ व आभासी अशी दोन्ही रूपे सिम्युलेटरपर्यंत पोहोचतात.

साधन निर्दोष ठरल्यावर सगळी उपकरणे काढावीत आणि एकेक करून जोडावीत. प्रथम केवळ जॉयस्टिक जोडून छोटे उड्डाण करावे, मग थ्रॉटल, मग पेडल. ज्या साधनानंतर तक्रार सुरू होईल, त्याच्या आणि आधीच्या साधनांच्या नेमणुका समोरासमोर ठेवून पाहाव्यात. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये केवळ नेमलेली नियंत्रणे दाखवण्याची गाळणी आहे, तिचा उपयोग करावा. ज्या साधनाची मदत नको, त्याला रिकामे प्रोफाइल द्यावे. केवळ दुर्लक्ष करणे पुरत नाही, कारण तयार प्रोफाइल पडद्यामागे चालूच राहते. २०२४ च्या आवृत्तीत सर्वसाधारण नियंत्रणे आणि विमानाची नियंत्रणे वेगळी ठेवलेली असल्याने दोन्ही ठिकाणी पाहणे आवश्यक आहे. एक्स-प्लेन या दुसऱ्या सिम्युलेटरमध्ये नको असलेल्या अक्षाला ‘नन’ (None, म्हणजे काहीही नाही) ही नेमणूक देता येते. पेडल घेतलेल्या प्रत्येक घरात जॉयस्टिकच्या पिळाचा अक्ष रडरवरून काढणे, हे माझे पहिले काम असते.

‘विमान जागचे हलत नाही’ ही तक्रार थोडी निराळी आहे आणि तिच्यावर मुले फार वेळ घालवतात, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहितो. पेडलचा वरचा भाग पायाच्या बोटांनी दाबल्यावर डाव्या व उजव्या चाकाचे ब्रेक लागतात, आणि या दोन ब्रेकना दोन स्वतंत्र अक्ष असतात. पाय न ठेवलेले पेडल काही साधनांत किमान आकडा देते, तर काहींत कमाल. सिम्युलेटरने कमाल आकड्याचा अर्थ ‘ब्रेक पूर्ण दाबलेला’ असा घेतला आणि पेडल मात्र मोकळे असताना कमाल आकडा देत असेल, तर पाय जमिनीवर असतानाही दोन्ही ब्रेक पूर्ण लागलेले राहतात. येथे दोन साधनांचा संघर्ष नसून दिशेचा घोळ असतो आणि तो अक्ष उलटा करण्याच्या एका खुणेने सुटतो. दोन्ही ब्रेक उलटे करावेत. एकच केला तर विमान त्याच जागी गोल फिरू लागते आणि मुले पुन्हा रडरचाच दोष शोधत बसतात. थ्रॉटल मागे ओढल्यावर इंजिन वाढणे हाही याच जातीचा घोळ आहे.

याशिवाय सिम्युलेटरची मदत-यंत्रणा हाही एक अदृश्य मालक असतो. नवशिक्यांसाठी दिलेली स्वयंचलित रडरची किंवा ट्रिमची (दांडा धरून न ठेवता विमान समतोल ठेवण्याची) सोय चालू राहिली आणि घरात पेडल आले, तर सॉफ्टवेअर आणि माणूस दोघेही तेच काम करू लागतात. फ्लाइटगियर या विनामूल्य सिम्युलेटरमध्ये एलरॉन आणि रडर एकत्र हलवणारी अशी सोय आहे. जॉयस्टिकपुरती ती उपयुक्त आहे, पेडल आल्यावर ती बंद करावी. ऑटोपायलट चालू असतानाही काही मुलांना जॉयस्टिक ‘मेली’ असे वाटते.

मध्यभागी थोडा मृतपट्टा, म्हणजे डेड झोन, ठेवल्यास हलकी थरथर झाकली जाते. पण संघर्ष शोधण्यापूर्वी मृतपट्टा वाढवू नये. त्याने लक्षण दबते, कारण तसेच राहते आणि उतरताना जी बारीक हालचाल हवी असते ती विमानाला मिळत नाही. काही जॉयस्टिक जोडल्या क्षणी स्वतःचा मध्य ठरवतात, त्यामुळे वायर लावताना दांड्याला हात लावू नये. सारखा यूएसबी पोर्ट बदलण्याचे टाळावे, विशेषतः एकाच मॉडेलची दोन साधने असतील तर, कारण पोर्ट बदलल्याने ती नवीन समजली जाऊन तयार प्रोफाइल पुन्हा लागू शकते. साधने उड्डाणाच्या मध्येच गायब होत असतील, तर वीज वाचवण्यासाठी यूएसबी पोर्ट झोपवणारी विंडोजची सोय बंद करून पाहावी आणि अनेक साधने एका लहानशा हबवर लादू नयेत.

ठाणे आणि वाशी येथे संगणकाची साधने विकणाऱ्या व्यावसायिकांना माझी कळकळीची विनंती आहे की, जॉयस्टिक परत घेऊन आलेल्या ग्राहकाशी वाद घालण्यापूर्वी किंवा ती निमूटपणे परत घेण्यापूर्वी ती दुकानातील संगणकाला एकटीच जोडून विंडोजच्या यादीत अक्ष हलवून दाखवावेत. यास पाच मिनिटेही लागत नाहीत. विक्रीच्या वेळी साध्या मराठीत एक पानभर सूचना दिल्या, तर ज्या घरात इंग्रजी माहितीपुस्तिका कुणी उघडत नाही तेथेही साधन नीट जोडले जाईल. पालकांनीही मुलाने ‘हट्टाने चुकीची वस्तू घेतली’ असा निष्कर्ष घाईने काढू नये. काही मुलांचा हा छंद केवळ या एका गैरसमजाने बंद पडलेला मी पाहिला आहे आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते.

वरील तपासणीत दोष खरोखरच साधनात आढळला, तर विंडोजच्या यादीतील उड्या मारणाऱ्या खुणेचे मोबाइलवर चित्रीकरण करावे, त्यात दांड्याला हात लावलेला नाही हे स्पष्ट दिसू द्यावे आणि ते चित्रीकरण खरेदीच्या पावतीसह वॉरंटीच्या तक्रारीला जोडावे. सिम्युलेटरमध्ये झुकलेल्या विमानाचे चित्रीकरण या कामी पुरेसे होत नाही, कारण ते पाहून सेवा केंद्राला दोष साधनाचा की जोडणीचा हे ठरवता येत नाही.

आपला,
एक निवृत्त उपकरण अभियंता,
नेरूळ, नवी मुंबई