मयत खातेदार आणि तुझी नवी नोकरी

कोल्हापूर

चि. सईस अनेक आशीर्वाद.

बंगळुरूची कंपनी सोडून तू एका राज्याच्या महसूल खात्याचा कारभार संगणकावर नव्याने बसवायला निघालीस. पगार कमी होणार म्हणून तुझे पप्पा येरझाऱ्या घालताहेत. मला पगाराचं काही नाही. मला खटकलं ते तुझं वाक्य : "आई, तुमच्या कचेरीत इतक्या वर्षांत झालं नाही ते आम्ही वर्षात करून दाखवू."

अमेरिकेत असंच म्हणत उद्योगपती इलॉन मस्कसाहेब सरकारात आले होते. तिथे 2013 साली आरोग्य विम्याची सरकारी वेबसाइट पहिल्याच दिवशी कोसळली, तेव्हा गूगलसारख्या कंपन्यांतली माणसं मदतीला धावली आणि 2014 मध्ये सरकारात एक डिजिटल सेवा उभी राहिली. ट्रम्प यांनी 20 जानेवारी 2025 ला तिचंच नाव बदलून 'डोज' केलं. सरकारी खर्च कापायच्या या मोहिमेचा चेहरा म्हणजे मस्क. आधीचे आले ते पडलेलं उभं करायला. नंतरचे कापायला. त्यांच्या बचतीच्या यादीत 80 लाख डॉलरचा एक करार 800 कोटींचा म्हणून झळकला. आमच्या रोखपालाकडून अशी शून्यं चढली असती तर दुसऱ्या दिवशी त्याच्या हातात मेमो पडला असता.

पण माझं लक्ष गेलं ते दुसऱ्याच गोष्टीकडे. सामाजिक सुरक्षेच्या, म्हणजे तिथल्या सरकारी पेन्शनच्या नोंदींत दीडशे वर्षांची माणसं आहेत आणि त्यांना पैसे जातात, असं मस्क फेब्रुवारीत सांगू लागले. अशा नोंदी होत्या हे खरं, कारण कित्येकांच्या मृत्यूची तारीखच चढवलेली नव्हती. मात्र शंभरीच्या आसपासच्या आणि त्यापुढच्या अशा 1 कोटी 89 लाख नोंदींपैकी जवळपास कुणालाच पैसे जात नाहीत, हे त्या खात्याच्याच तपासनीसांनी 2023 मध्ये लिहून ठेवलं होतं. वाचायला कुणाला सवड नव्हती.

अगं, आपल्याकडे तर सातबाऱ्यावर मयत खातेदारांची रांगच असते. आजोबा जाऊन चाळीस वर्षं होतात, उताऱ्यावर मात्र ते धडधाकट. त्याच 2025 साली महाराष्ट्राने 'जिवंत सातबारा' मोहीम काढली. चावडीवाचन करून मयतांची यादी केली, मग वारसांकडून कागद घेतले. मयत खातेदार सापडला म्हणून तलाठी चोर-चोर ओरडत नाही, तो विचारतो, वारस कोण? 2019 च्या महापुरानंतर चिखली-आंबेवाडीकडे पंचनामे झाले, तेव्हा घर मेलेल्या म्हाताऱ्याच्या नावावर आणि आत चार भावांच्या चार चुली, असं दारोदार होतं. तुझ्या फॉर्मात 'घरमालकाचं नाव' असा एकच रकाना असला, तर मदत कुणाच्या खात्यात टाकशील?

आणि तू त्या पंधरा दिवसांवर वैतागली होतीस ना? फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद, धरला की फाईल पंधरा दिवस नुसती पडून का, संगणकाला पंधरा सेकंद लागतात म्हणून. ती पडून नसते बाई. हितसंबंधितांना नोटीस जाते, चावडीवर प्रत लागते, हरकत आली नाही तरच मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतो. वारसनोंदीच्या अर्जात भाऊ बहिणीचं नाव अगदी सहज विसरतात. बहीण दिलेली असते राधानगरीकडे. तिला माहेरची शेजारीण कळवते, आणि शेवटच्या दिवसांत ती पिशवीत आधार कार्ड घेऊन कचेरीत हजर होते. असे भाऊ मी टेबलाच्या अलीकडून पुष्कळ पाहिले. भाऊबीजेला साडी नेण्यात एकही चुकत नव्हता. नोटीस बहिणीच्या मोबाइलवर तिच्या भाषेत जाईल असं काही करशील तर मी तुझी पाठ थोपटीन. मुदतीला मात्र हात लावू नकोस.

जुनं तेवढं सोनं म्हणणारी मी नाही. सातबाऱ्यासाठी लोक सज्जावर, म्हणजे तलाठ्याच्या कचेरीत, खेपा घालायचे, तलाठी भेटलाच तर त्याचं अक्षर लागायचं नाही. आता डिजिटल सहीचा उतारा 15 रुपयांत घरबसल्या निघतो. त्यात आमच्यातल्या काहींची वरकमाई बुडाली, झकास झालं.

बाहेरच्यांनी येऊच नये, असंही नाही. नंदन निलेकणी 2009 साली इन्फोसिसमधून आधारच्या कामाला गेले, ते बाहेरचेच. पण त्यांच्या जोडीला राम सेवक शर्मा हे सनदी अधिकारी महासंचालक होते, आणि पहिला क्रमांक 29 सप्टेंबर 2010 ला नंदुरबारच्या टेंभलीत जाऊन दिला. एवढं करूनही रेशन दुकानातल्या मशीनवर राबणाऱ्या माणसाचं झिजलेलं बोट उमटत नाही. आपल्या गुऱ्हाळावरच्या गुळव्याला विचार, तो सांगेल.

तेव्हा नोकरी घे, पण सही करण्याआधी दोन गोष्टी मागून बघ. पहिले काही आठवडे तुला एखाद्या सज्जावर बसू द्यावं, मंत्रालयात नको. कोतवालाशेजारी खुर्ची मिळाली तरी चालेल. दुसरं, तुमचा करार संपल्यावर ही यंत्रणा दुरुस्त कोण करणार, ते पदाच्या नावासह लेखी घे. अमेरिकेत '18एफ' नावाचा सरकारातलाच तंत्रज्ञांचा गट होता, तो मार्च 2025 मध्ये एका रात्रीत बंद केला. करार किती मुदतीचा आहे ते तू सांगितलंच नाहीस. रविवारी फोनवर सांग, पप्पांनाही तेच विचारायचंय.

तुझी,
आई