आई-बाबा, मुक्कामाच्या जागा ठरल्यात

तीर्थरूप आई आणि बाबांना,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुमच्या इथल्या सहलीचं काढलं, तर बाबा नुसतं "बघू" म्हणाले आणि फोन आईकडे दिला, तेव्हाच मला कळलं. बाबांच्या "बघू"चा अर्थ मला, दादाला आणि आता वहिनीलाही पाठ झालाय. म्हणून पत्र लिहायला बसले. फोनवर आई मधेच "जेवलीस का" विचारते आणि मूळ विषय बाजूला राहतो.

आधी सांगून टाकते. मोटरहोम ठरवलीय, म्हणजे आत झोपायची आणि स्वयंपाकाची सोय असलेली गाडी. जूनच्या शेवटच्या आठवड्यासाठी भाड्यानं घेतलीय आणि आगाऊ पैसेही भरलेत. उन्हाळ्यात इथं जर्मनीत या गाड्या मिळत नाहीत, लोक हिवाळ्यातच ठरवून ठेवतात. तुमच्या व्हिसाच्या तारखा हातात आल्या तेव्हा मोजक्या उरल्या होत्या. त्यात आईला झेपेल असा खाली पलंग असलेली एकच होती, ती सोडवेना.

हॉटेलं का नकोत, हे आई तीनदा विचारून गेली. पैशाचा प्रश्न नाही गं, खरंच नाही. फ्रान्सच्या आल्सेस भागातली जुनी हॉटेलं बघितली मी. लाकडी जिने, लिफ्ट नाही, आणि खोली हमखास वरच्या मजल्यावर. तुझे गुडघे, रोज सकाळी बॅगा भरा, रोज संध्याकाळी उपसा. बाबांना साडेसातला भाकरी लागते आणि तिकडच्या गावांतून रात्रीचं जेवणच सातच्या पुढे सुरू होतं. इन्शुलिन घेऊन ताटाची वाट बघत बसणं मला चालणार नाही. गाडीत आपली शेगडी आहे, आपला तवा आहे. ज्वारीचं पीठ इथल्या भारतीय दुकानात मिळतं, मी आणून ठेवलंय. फ्रिज गाडी चालू असताना बॅटरीवर चालतो आणि थांबल्यावर विजेवर किंवा गॅसवर. इन्शुलिन २ ते ८ अंशांतच राहील. मी आत थर्मामीटर टाकून ठेवणार आहे. आणि बाबा, रात्री उठावं लागतं ना, संडास पलंगापासून चार पावलांवर आहे. अंधारात अनोळखी पॅसेजमध्ये दिव्याचं बटण शोधायला नको. हे कुठलं हॉटेल देईल?

आता भीतीचं. आईला काकांनी जो मेसेज पाठवला, की चोर खिडकीतून गॅस सोडतात, माणसं बेशुद्ध होतात आणि गाडी साफ करून नेतात, तो इथंही वर्षानुवर्षं फिरतोय. मी त्याच्या मुळाशी गेले. ब्रिटनमध्ये भूलतज्ज्ञांची रॉयल कॉलेज ऑफ अ‍ॅनेस्थेटिस्ट्स ही संस्था आहे, तिनं यावर आपलं मत जाहीर केलंय. ईथर, क्लोरोफॉर्म किंवा आजचं भुलीचं कुठलंही औषध खिडकीतून सोडून झोपलेल्या माणसाला त्याच्या नकळत बेशुद्ध करता येणार नाही, असं ती सांगते. ईथरचा वास इतका उग्र की माणूस खोकत उठेल, आणि एवढी जागा भरायला लागणारं औषध प्रचंड. असं बिनवासाचं, स्वस्त, सुरक्षित औषध असतं तर डॉक्टरांनीच ते आधी वापरलं नसतं का? बाबांच्या ऑपरेशनच्या वेळी आठव आई, भूल द्यायला आणि ती सांभाळायला एक अख्खा डॉक्टर शेवटपर्यंत उशाशी होता. काकांना हे प्रेमानं सांग. त्यांनी काळजीपोटीच पाठवलं होतं.

चोऱ्या होतात, ते मी नाकारत नाही. पण बहुतेक वेळा कुठे होतात ते ऐका. हमरस्त्याच्या कडेचे विसावे, पेट्रोल पंपामागची पार्किंगं. तिथं शेकडो गाड्या येतात-जातात, कोण कुणाचा ते कुणाला माहीत नसतं, आणि दमलेली माणसं गाढ झोपलेली असतात. जर्मनीत रस्त्यावर एक रात्र गाडीत झोपायला परवानगी आहे, ड्रायव्हरची झोप पूर्ण व्हावी म्हणून. फक्त खुर्च्या-टेबलं बाहेर मांडायची नाहीत. तरीही आपण ते करणार नाही. कितीही उशीर झाला, कितीही कंटाळा आला तरी हमरस्त्यावर मुक्काम नाही. तुमच्या जावयांनीही कबूल केलंय. ट्रकच्या फ्रिजची घरघर रात्रभर चालते, तिथं आईला डोळा तरी लागेल का!

मग झोपायचं कुठे? पहिल्या रात्री आल्सेसमधल्या कोल्मारजवळच्या एका द्राक्षबागेत. फ्रान्समध्ये 'फ्रान्स पासियों' नावाची योजना आहे. वर्षाची वर्गणी भरली की शेतकऱ्यांच्या, बागायतदारांच्या आवारात एक रात्र फुकट गाडी लावता येते. गाडीत स्वतःचा संडास आणि पाण्याची टाकी हवी, आणि पोचल्यावर आधी घरधन्याला भेटून नमस्कार करायचा, ही रीत. काही विकत घ्यायची सक्ती नसते. आवारात घरची माणसं राहतात, परका माणूस आला की कळतं. मला सगळ्यांत निर्धास्त हीच जागा वाटते. बाबा, तुम्ही कासेगावच्या द्राक्षबागांवर तासन् तास बोलता. इथल्या वेली बघा, बांधणी बघा, जावई फ्रेंचमध्ये विचारतील.

दुसऱ्या दिवशी मुलूझवरून परत फिरायचं. तिथं १७४६ मध्ये भारतातल्या छिटांची नक्कल करून कापड छापायला सुरुवात झाली आणि पुढे गावच्या गाव गिरण्यांवर उभं राहिलं. आई, जुन्या मिलचा भोंगा आणि आजोबांचा डबा हे तू सांगशील तिथं बसून. मला पुन्हा ऐकायचंय.

त्यानंतर जर्मनीतल्या टिटिझे तळ्याकाठची कॅम्पसाइट. तिला फाटक आहे, ऑफिस आहे, रात्री दहानंतर गाड्या आत-बाहेर होत नाहीत. अशा बऱ्याच ठिकाणी दुपारी एक ते तीनसुद्धा फाटक बंद ठेवतात, सगळ्यांनी शांत राहायचं म्हणून. बाबांच्या दुपारच्या झोपेची सोय सरकारमान्य झाली! शेवटी बोडनझे सरोवराकाठी गावानंच मोटरहोमसाठी बांधलेला तळ. इथं त्याला श्टेलप्लाट्स म्हणतात. विजेचा खांब, नळ, सांडपाण्याची जागा, शेजारी आपल्यासारखीच कुटुंबं. जूनमध्ये इकडे रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो आणि आपण चार-पाचलाच पोचायचं. अंधारात जागा शोधायची वेळ येणार नाही. एका दिवसात अडीच तासांपेक्षा जास्त गाडी चालवायची नाही, असंही ठरवलंय.

बाबा, खरं तर हे सगळं तुम्हाला मी काय सांगू? एसटीची मुक्कामी गाडी तुम्ही किती वर्षं नेलीत. मे महिन्याच्या सुट्टीत हट्ट करून मी तुमच्याबरोबर मंगळवेढ्याच्या पुढच्या त्या गावाला आले होते, ते मला अजून लख्ख आठवतं. तुम्ही गाडी मारुतीच्या पारापाशी नेलीत, रिव्हर्स घेऊन तोंड रस्त्याकडे केलंत आणि मग इंजिन बंद केलंत. "उद्या पहाटे उठून वळवत बसायचं नाही, आणि रात्री काही झालं तर सरळ निघता आलं पाहिजे." दाराची कडी नीट बसत नव्हती, म्हणून खांद्यावरचा टॉवेल पिळून दाराच्या दांडीला आणि बाकाच्या पायाला अशी गाठ मारलीत की बाहेरून हिसका दिला तर तुम्हीच हलून जागे व्हाल. मागच्या लांब बाकावर मला आपली चादर पांघरलीत आणि तुम्ही खाली बाकांमधल्या वाटेत आडवे झालात. मला त्या रात्री कसलीच भीती वाटली नव्हती. कंडक्टरकाकांचं घोरणंसुद्धा आवडलं होतं.

इथले जुने मोटरहोमवाले तेच करतात हो. पुढच्या दोन दारांच्या हँडलमधून सीटबेल्ट ओढून घेतात आणि खटकन् बकल लावतात. कुलूप फोडलं तरी दार उघडत नाही. गाडीचं तोंड बाहेरच्या रस्त्याकडे, ड्रायव्हरची सीट मोकळी, किल्ली रोज एकाच खुंटीला, बाहेर काहीही मांडून ठेवायचं नाही. मनाला जागा पटली नाही तर खाली न उतरता निघून जायचं. पहिल्या संध्याकाळी गाडी कशी लावायची ते तुम्हीच सांगा. जावई म्हणाले, "बाबा सांगतील तशी लावू." मनापासून म्हणाले.

पण स्टिअरिंगला हात लावायचा नाही. हे आत्ताच सांगते, तिथं वाद नको. भाड्याच्या कागदावर फक्त आम्हा दोघांची नावं आहेत, विमा आमच्यापुरताच आहे. तुम्ही शेजारच्या सीटवर बसा, समोर एवढी मोठी काच आहे. जरा जपून, एवढंच म्हणतेय, गेल्या वर्षापासून डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून.

माझी खरी काळजी चोरांची नाहीच. ती गॅसची आहे, आपल्याच गाडीतल्या. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. शेगडी किंवा हीटर नीट जळला नाही आणि खिडक्या गच्च लावलेल्या असल्या की तो साठतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, माणसाला वाटतं प्रवासाचा शीण असेल. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली जमिनीलगत बसतो, म्हणून या गाड्यांच्या तळाला मुद्दाम भोकं ठेवलेली असतात. आई, गार वारं येतं म्हणून त्यांत फडकी कोंबायची नाहीत. छतावरची फट रात्रभर उघडी राहील. ऊब यावी म्हणून शेगडी पेटवून ठेवायची नाही, मी जादा रजया घेतल्यात. कार्बन मोनॉक्साइडचा एक अलार्म आहेच, झोपायच्या जागेजवळ मी आणखी एक स्वतःचा लावणार आहे.

आणि हे लिहिताना आठवलं. आपल्या घरच्या बाथरूममधल्या गॅस गिझरचं काय केलंत? थंडीत आई ती वरची खिडकी लावून घेते, मला माहिती आहे. दादाला सांगून गिझर बाहेरच्या भिंतीला बसवून घ्या. तोवर खिडकी उघडी, आणि बादली भरून गिझर बंद केल्यावरच आत जायचं. यात "बघू" नाही.

पाण्याचं मात्र मी तुमच्याकडूनच शिकेन. टाकी साधारण १०० लिटरची, चौघांत पुरवायची. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात आईनं घर चालवलंय, तिथं ती सगळ्यांना पुरून उरेल.

आता दोघांनी नीट ऐका. गाडी चालू असताना बेल्ट लावूनच बसायचं, चहा करायला उठायचं नाही. आई, तुझ्या दारी आलेल्याला तू पाणी दिल्याशिवाय सोडत नाहीस, पण तिथं रात्री दारावर कुणी थाप मारली तर उघडायचं नाही, आम्हाला उठवायचं. पोलीस असले तरी आम्हीच बोलू. कुणी हात करून "तुमचं चाक पंक्चर झालंय" म्हणालं तर सगळ्यांनी खाली उतरायचं नाही. स्पेनच्या हमरस्त्यांवर असं करून पर्सेस पळवतात. आपण तिकडे जात नाही, पण सवय असलेली बरी. ११२ हा नंबर दोघांनी आत्ताच पाठ करा, युरोपात सगळीकडे तोच, पोलीस आणि अँब्युलन्स दोन्हींसाठी. पासपोर्ट गाडीतल्या तिजोरीत राहतील, त्यांचे फोटो मला आणि दादाला पाठवून ठेवा. व्हिसाला ३०,००० युरोंचा विमा लागतो तो आहेच, पण मी बाबांच्या आधीच्या आजारासकट जास्तीचा घेतलाय. त्याचा खर्च विचारू नका.

औषधं सगळी हातातल्या पिशवीत, मोठ्या बॅगेत नकोत. डॉक्टरांकडून चिठ्ठीवर औषधांची मूळ नावं इंग्रजीत लिहून घ्या, कंपनीची नव्हेत. आणि बाबा, निघायच्या आधी साखर आणि प्रेशर दोन्ही तपासून घ्या. आकडा मला खरा सांगायचा, आईमार्फत फिरवून नाही. आकडा बरा नसला तर आपण एखादा मुक्काम कमी करू, गाडी कुठेही थांबते, तुम्हाला ओढत नेणार नाही मी. तुम्हाला एकदा इथला उन्हाळा दाखवायचाय, एवढीच घाई आहे.

पाय मोकळे करायला रोज संध्याकाळी कंबर तलावापर्यंत जात जा. आई, गुडघ्याचा पट्टा लावून.

तुमची,
मनू

ता. क. तूप, पेढे, खवा यांतलं काही आणू नकोस. बाहेरून येणारे दुधाचे पदार्थ इथं विमानतळावर काढून घेतात. कढीपत्त्याच्या काड्याही नकोत. शेंगाचटणी आण, कडक भाकरी आण, आणि शेंगाचटणी दोन पिशव्यांत बांध. मागच्या वेळी दादाच्या बॅगेत सांडली होती.