प्रत्येक लाल डोळा म्हणजे ‘डोळे आले’ नव्हे

संपादक महोदय,

डोळा लाल दिसला की ‘डोळे आलेत’ म्हणायचे आणि मेडिकलमधून थेंब आणून टाकायचे, ही रीत आपल्या जिल्ह्यात ज्वारीच्या काढणीत आणि उसाच्या तोडणीत फार महाग पडते. खरोखरच डोळे आले असतील, तर ते बहुधा एक-दोन आठवड्यांत आपोआप बरे होतात. पाणी किंवा चिपडे येतात, डोळ्यात खडे गेल्यासारखे खुपते, एकामागून दुसरा डोळा लाल होतो. पण चिपडे पुसली की नजर स्वच्छ असते. हा आजार नुसते बघितल्याने लागत नाही, हाताने आणि टॉवेलने लागतो. सोलापुरात तरी टॉवेलची टंचाई नाही. घरात प्रत्येकाचा वेगळा ठेवा.

ज्वारीचे पाते किंवा उसाचे पाचट बुबुळाला लागून लाल झालेल्या डोळ्याची गोष्ट वेगळी. खरचटलेल्या जागेतून बुरशी आत शिरते आणि काही दिवसांनी बुबुळावर पिंजलेल्या कापसासारख्या कडांचा पांढुरका ठिपका दिसू लागतो. या काळात डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन ही स्टिरॉइड औषधे असलेले थेंब पडले, तर लाली उतरते, माणूस निर्धास्त होतो आणि बुरशी मात्र फोफावते. पुढे बुबुळावर फूल, म्हणजे पांढरा डाग, पडते ते कायमचे. ही नावे बाटलीवर बारीक अक्षरांत असतात. वाचल्याशिवाय थेंब टाकू नयेत. मध, एरंडेल, अंगावरचे दूध हेही नकोच.

घरी एवढे पाहा. चष्मा असेल तर तो लावून, एकेक डोळा तळहाताने न दाबता झाका आणि समोरचे कॅलेंडर वाचा. लाल डोळ्याला अंधुक दिसते आणि उघडझाप करूनही फरक पडत नाही, तर वाट न पाहता डोळा दाखवा. डोळा ठणकतो का, उजेड सोसतो का हे विचारा; ठणकत असेल किंवा उजेड सोसत नसेल तरीही तेच करा. मग लाली कुठे आहे ते बघा. पापणीच्या आत जास्त आणि बुबुळाकडे कमी असेल तर भीती कमी. बुबुळाला लागूनच कडे धरल्यासारखी लाली असेल, किंवा दोन्ही बाहुल्या सारख्या नसतील, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्याने ती आधी काढावी आणि दुखत असेल तर तोही त्याच दिवशी दाखवावा.

चाळिशी-पन्नाशीनंतर एकच डोळा लाल, त्या बाजूचे डोके फुटते आहे, उलट्या होत आहेत, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात, हे पित्त नव्हे. काचबिंदूचा तीव्र झटका असू शकतो आणि त्यात काही तासांतही नजरेचे कायमचे नुकसान होऊ शकते.

उलट, पांढऱ्या भागावर अचानक उमटलेला रक्ताचा लालभडक डाग पाहून घरदार घाबरते. मार लागलेला नसेल, दुखत नसेल आणि नजर ठीक असेल, तर तो साधारण दोन आठवड्यांत विरतो. रक्तदाब तेवढा मोजून घ्यावा.

शेवटी चुना. तंबाखूच्या चुन्याची पुडी पोरांनी दाबली की चिळकांडी थेट डोळ्यात जाते. तिथे तपासत बसू नये. पापण्या फाकवून नळाच्या धारेखाली किमान अर्धा तास डोळा धुवावा, पापणीच्या आत अडकलेले चुन्याचे कण ओल्या कापसाने टिपावेत आणि मगच दवाखान्यासाठी रिक्षा बोलवावी.

– एक नेत्रतज्ज्ञ, सोलापूर