मामांची बैठक

लिलाँग्वे, मलावी
१२ जून

प्रिय मेधा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र येऊन महिना होत आला. ऊसतोडीला जाण्याआधी आठवीतल्या मुलींची लग्ने उरकली जातात आणि दिवाळीनंतर वर्गातले बाक रिकामे दिसतात, असे तू लिहिलेस, तेव्हापासून उत्तर मनात घोळत होते. ‘तिकडे आफ्रिकेत काय करतात?’ असे तू विचारतेस; पण आफ्रिका फार मोठी आहे, म्हणून मी मलावीपुरतेच लिहिते.

गेल्या आठवड्यात प्रसूतिकक्षात पंधरा वर्षांची एक मुलगी आली. रक्तदाब वाढलेला, पायांवर सूज. या वयात झटके येण्याची भीती अधिक असते, त्यामुळे ती रात्र आम्ही जागून काढली. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. नोंदवहीत ‘विवाहित’ लिहा, असे तिच्या आजीने, इथल्या भाषेत आगोगोने, सांगितले. लग्न कधी झाले असे विचारल्यावर ती म्हणाली, “मामा बोलून आले आहेत.”

या एका वाक्यात इथले बरेच काही आले. मध्य मलावीतले चेवा लोक मातृवंशीय आहेत. लग्न ठरवणारा आणि पुढे संसारात भांडण झाले तर ते मिटवणारा मध्यस्थ, ज्याला ‘न्खोस्वे’ म्हणतात, तो बहुधा मुलीचा मामाच असतो. (आपल्याकडे मामा अंतरपाटाआड भाचीच्या पाठीशी उभा राहतो, तेवढ्यावर त्याचे काम संपते, इथे ते तिथून सुरू होते.) मुलीला दिवस गेले की दोन्हीकडचे मामा बसतात, मुलाकडून काही देणे ठरते, आणि प्रकरण मिटले असे सगळे मानतात. मुलगी त्या बैठकीत नसते. माणूस वयाने किती मोठा होता, तिच्यावर जबरदस्ती झाली का, हे प्रश्न पोलिसांनी विचारायचे असतात. पण मिटलेले प्रकरण पोलिसांपर्यंत नेणार कोण?

कायदा नाही असे नाही. २०१५ च्या कायद्याने लग्नाचे किमान वय १८ केले, परंतु पालकांच्या संमतीने पंधराव्या वर्षापासून लग्नाला वाट देणारे कलम राज्यघटनेत उरले होते. ते २०१७ मध्ये बदलले. २०१५-१६ च्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी २९ टक्के मुली आई झालेल्या किंवा गरोदर होत्या. आणि मका हाती येण्याआधीच्या, जानेवारी ते मार्चच्या भुकेच्या महिन्यांत घरातले एक खाणारे तोंड कमी करण्याचा मोह किती मोठा असतो, हे ऊसतोड कामगारांची घरे पाहिलेल्या तुला मी काय सांगावे!

म्हणूनच मला देड्झा जिल्ह्यातल्या पारंपरिक प्रमुख राहिलेल्या थेरेसा काचिंदामोतो यांचे काम महत्त्वाचे वाटते. २००३ मध्ये प्रमुखपद मिळण्याआधी त्या एका महाविद्यालयात सचिव होत्या. त्यांनी शेकडो बालविवाह रद्द केले, आणि मुख्य म्हणजे असे विवाह होऊ देणाऱ्या गावप्रमुखांनाच पदावरून दूर केले. लग्न मोडल्याचा पुरावा मिळाल्यावर काहींना परत घेतले. ज्या परंपरेच्या अधिकाराने मामा लग्न लावतात, तोच अधिकार त्यांनी उलट फिरवला. राजधानी लिलाँग्वेहून निघालेल्या परिपत्रकाने हे झाले नसते, असे माझे स्पष्ट मत आहे. शिवाय मुली शाळेत टिकतात की नाही, यावर गावोगाव लक्ष ठेवणारी माणसे त्यांनी नेमली.

खरी अडचण लग्न मोडल्यानंतरची. बाळंतपणानंतर मुलीने शाळेत परतावे, असे धोरण इथे १९९३ पासून आहे. त्याआधी गरोदर मुलीचे नाव पटावरून कायमचे कमी होई. पण मांडीवर बाळ असलेल्या मुलीला वर्गात हसणारे असतातच, आणि ती शाळेत गेल्यावर बाळ सांभाळायला घरी कोणी नसते.

माझी ती मुलगी सहा आठवड्यांनी तपासणीला येईल. तिच्या मुख्याध्यापिकेसाठी चिठ्ठी लिहून ठेवली आहे, आणि आगोगोला निरोप दिला आहे की या खेपेस मामांनाही सोबत आणा. ते आले तर कळवीन. तुझ्या गावात अशी बैठक कोण भरवते, ते मला सविस्तर लिही.

तुझी,
सुनंदा