चि. ओंकारला, शॉर्ट पाथबद्दल

ऐरोली, रविवार रात्र

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू विचारलंस, "आई, त्या रबाळ्याच्या शॉर्ट पाथवाल्यांकडे जाऊन करू काय? असली यंत्रं घेणारे देशात असतील तरी किती?" बाबांनी लगेच आयटीवाल्या ऑफरची बाजू घेतली आणि माझं बोलणं राहूनच गेलं. म्हणून लिहितेय. घेणारे थोडेच आहेत, हे खरं. पण ज्याला ते यंत्र, म्हणजे उष्णतेने बिघडणारा माल अगदी कमी दाबात झटपट उकळून वेगळा करणारं डिस्टिलेशनचं यंत्र, लागतं त्याचं दुसऱ्या कशानेही भागत नाही, हे मी कामावर रोज बघते.

तुम्हाला कॉलेजात कॉलम, म्हणजे मिश्रण उकळून वेगळं करायचा उंच मनोरा, शिकवतात, त्यातले ट्रे मोजायला लावतात. ते हवंच. पण टोकोफेरॉल (म्हणजे व्हिटॅमिन ई), माशाचं तेल, काही सुगंधी द्रव्यं साध्या भांड्यात तासन्‌तास तापवली की काळी पडतात. व्हॅक्यूम लावला की उकळबिंदू खाली येतो, हे तुला बारावीपासून ठाऊक आहे. खरी अडचण त्याच्या पुढची. भांड्यापासून कंडेन्सरपर्यंत, म्हणजे वाफ थंड होऊन पुन्हा द्रव होते तिथपर्यंत, वाफेला पाइपातून जायचं असतं आणि त्या वाटेतच दाब खर्ची पडतो. पंप टोकाला कितीही ओढत असला तरी भांड्यात तेवढा व्हॅक्यूम पोचत नाही. यावर उपाय असा की कंडेन्सरच उचलून आत बसवायचा, तापलेल्या भिंतीपासून काही सेंटीमीटरवर. वाफेची वाट आखूड, म्हणून नाव शॉर्ट पाथ. मग 0.001 मिलिबारपर्यंत उतरता येतं, म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबाचा साधारण दहा लाखावा भाग. फिरते वायपर माल भिंतीवर घावनासारखा पातळ पसरवतात, मिलिमीटरहूनही पातळ, आणि काही सेकंदांत, फार तर मिनिटभरात तो खाली उतरतो. तापतो, पण करपायला सवड मिळत नाही.

तू आइस्क्रीमच्या डब्यावर 'मोनो- अँड डायग्लिसराइड्स' वाचलं असशील. ग्लिसरीन आणि तेलाची प्रक्रिया झाली की त्यात मोनो साधारण निम्मंच असतं, बाकी डाय आणि ट्राय. ते नव्वद टक्क्यांच्या वर न्यायचं तर या यंत्रातूनच जावं लागतं. खाणाऱ्याला याचा पत्ताही नसतो.

याचा इतिहासही गमतीचा आहे. केनेथ हिकमन हा माणूस कोडॅकमध्ये, म्हणजे फोटोच्या फिल्मच्या कंपनीत होता. व्हॅक्यूम पंपात पाऱ्याऐवजी चालेल असं तेल तो शोधत होता, आणि तिथून पुढे माशांच्या यकृताच्या तेलातून व्हिटॅमिन ए वेगळं काढण्यापर्यंत पोचला. 1930च्या दशकातली ही गोष्ट. फिल्मवाल्याने व्हिटॅमिन काढावं, असं कुठल्या पंचवार्षिक योजनेत बसलं असतं?

पुस्तकात नसलेलं बरंच काही शेडमध्ये कळतं. फीड, म्हणजे यंत्रात सोडायचा माल, आधी डिगॅस केलं नाही, म्हणजे त्यात विरघळलेली हवा काढली नाही, तर आत शिरताच उसळतं, आणि कचरा थेट चांगल्या मालात पडतो. व्हॅक्यूम येत नसेल तर नवखा माणूस आधी पंपाला दोष देतो. जुना ऑपरेटर पंपाचा व्हॉल्व्ह बंद करून गेजकडे बघत राहतो. दाब सरळ चढत गेला तर गळती. थोडा चढून थांबला तर आत काहीतरी ओलं राहिलंय. बऱ्याचदा ओ-रिंगवर, जोड बंद ठेवणाऱ्या रबरी कडीवर, एक केस अडकलेला असतो, ओंकार, आणि त्यापायी अख्खी पाळी वाया जाते.

तू लहान होतास तेव्हा ठाणे-बेलापूर रोड आता दिसतो तसा नव्हता. घणसोलीला नोसिल कंपनीचा नाफ्था क्रॅकर, म्हणजे नाफ्था तापवून तोडणारा मोठा पेट्रोकेमिकल प्लांट, होता, साठच्या दशकाअखेर सुरू झालेला. तो केव्हाच गेला, आणि या पट्ट्यात आता काचेच्या इमारती उभ्या आहेत. रबाळे, महापे, पावण्याच्या आतल्या रस्त्यांवर मात्र लहान शेड अजून आहेत. अवाढव्य प्लांट इथे पुन्हा येणार नाहीत, त्यांना बंदर आणि जमीन हवी. माझ्या मते इथे टिकेल ते थोडकं आणि अवघड काम करणारं.

लहान असण्याचा आणखी एक फायदा आहे, आणि तो मला सगळ्यात मोठा वाटतो. भोपाळमध्ये 1984 साली ज्या टाकीतून वायू सुटला तिच्यात सुमारे 40 टन मिथाइल आयसोसायनेट साठवलेलं होतं. तो अंतिम माल नव्हता, मधल्या टप्प्याचा पदार्थ होता. असे पदार्थ लागतील तेवढेच बनवून तिथल्या तिथे पुढच्या प्रक्रियेत संपवता येतात. फ्लो रिॲक्टरची, म्हणजे माल नळीतून सतत वाहता ठेवून प्रक्रिया करणाऱ्या यंत्राची, खरी किंमत यात आहे. बारीक नळीत एका वेळी थोडाच माल असतो आणि भिंतीचं क्षेत्रफळ आकाराच्या मानाने भरपूर, त्यामुळे नायट्रेशनसारखी तापट प्रक्रियाही काबूत राहते.

तरी विकणाऱ्यांच्या सगळ्या गप्पा खऱ्या मानू नकोस. आजकाल उठसूट फ्लो करा म्हणतात. मीठ किंवा स्फटिक पडणारी प्रक्रिया असेल तर नळी तासाभरात तुंबते. बारा तास चालणाऱ्या संथ प्रक्रियेला नळीतून फारसं काही मिळत नाही, तिला आपला जुना, आतून काचेचा थर असलेला ग्लास-लाइन्ड रिॲक्टरच बरा. शॉर्ट पाथचंही तेच. साध्या कॉलमने भागत असेल तिथे ते विकणं ही ग्राहकाची फसवणूक आहे, आणि असं विकायला सांगणारे साहेब तुला भेटतील.

एकाच यंत्राला बांधला जाशील, ही तुझी भीती मला कळते. म्हणून मुलाखतीत पगाराच्या आधी दोन गोष्टी विचार. पहिल्या वर्षात पायलट, म्हणजे चाचणीच्या लहान, यंत्रावर ग्राहकांच्या मालाच्या ट्रायल घ्यायला बसवणार, की नुसती कोटेशनं करायला लावणार? आणि कमिशनिंगला, म्हणजे ग्राहकाकडे नवं यंत्र चालू करून द्यायला, साइटवर पाठवणार का? माल रोज वेगळा येत असेल तर तू यंत्राला बांधला जाणार नाहीस, निम्मी केमिस्ट्री फिरून येशील. दोन्हींना नकार आला तर बाबांचं ऐक, मी मध्ये बोलणार नाही.

सेफ्टी शूज घालून जा, नाहीतर शेडमध्ये घेणार नाहीत. तुझे जुने माळ्यावर आहेत, काढून ठेवते.

तुझी,
आई